तिरका बर्फ

१

धाकू घाडींना चादरीच्या झोळीत घालून जिन्यावरून खाली आणलं, तेव्हा पंतनगरच्या त्या इमारतीत नळाला नुकतंच पाणी आलं होतं. कुणाला हंडा सोडवेना आणि म्हाताऱ्याला बघितल्याशिवाय राहवेना. म्हातारा पांढराफटक पडला होता. उलट्या-जुलाबांनी अंगात काही उरलं नव्हतं. त्याचा मुलगा राजाराम स्वतःच रात्रभर ओकत होता, तरी एका हाताने झोळी आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून उतरत होता. मागून त्याची बायको शेवंती भिंतीला टेकत टेकत आली.

रिक्षात बसता बसता राजारामने वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत द्रौपदी साळवे उभी होती.

"बघतेस काय?" तो ओरडला. "चावी तुझ्याकडे होती ना? बाबांना काय झालं तर बघच. पोलीस घेऊन येतो!"

रिक्षा गेली. सगळ्या माना वर वळल्या. द्रौपदी तशीच उभी राहिली, कारण आत गेली असती तर पळाली म्हणाले असते.

तळमजल्यावरच्या खिडकीतून श्यामकांत परब हे सगळं बघत होता. पोलिसातून सब-इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. इमारतीत सायकल हरवो की नळाची तोटी, शोध त्यानेच लावायचा असा रिवाज पडला होता आणि त्याला तो मनातून आवडायचा. पण आज बायकोने, जानकीने, चहाचा कप ठेवला तो बशीत न बसता ओट्यावर कलंडला, आणि ती पुसायचं सोडून नुसती बघत राहिली.

"म्हातारो वाचतलो मां?" तिने विचारलं.

श्यामकांतने खिडकी लावून घेतली. ती चावी जिन्याखालच्या फ्रीझरची होती आणि त्या फ्रीझरला तिसरा वाटेकरी तोच होता.

२

फ्रीझरची कल्पना मूळ द्रौपदीची. गिरण्यांचा संप होऊन तीन वर्षं उलटली होती. राजारामची गिरणी गेली ती गेलीच. तो आता भाड्याचा टेम्पो चालवत होता. कसायाच्या दुकानात पावशेर मटण घेताना माणसं इकडेतिकडे बघून घ्यायची, कुणी ओळखीचं नाही ना म्हणून. द्रौपदी एकदा नळावर म्हणाली, "पावशेर पावशेर घेऊन कसायाचं घर भरतो आपण. देवनारच्या कत्तलखान्यातून अख्खं बोकड आणलं तर कितीतरी स्वस्त पडतं. ठेवायचं कुठं, एवढाच प्रश्न."

हा प्रश्न एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानाने सोडवला. तिथला आडवा फ्रीझर, झाकणावर अर्धा खरवडलेला कोन रंगवलेला, तिघांनी मिळून आणला आणि जिन्याखालच्या खोलीत चार कोपऱ्यांना विटा देऊन बसवला. पावसात तिथे पाणी शिरायचं, म्हणून विटा. वीज परबांच्या मीटरवरून, देवनारची फेरी राजारामच्या टेम्पोतून, आणि वाटे करायचे द्रौपदीने, कारण तिचा हात काट्यासारखा चालायचा. प्रत्येक घराचे डालड्याचे पिवळे डबे ठरलेले.

आणि एक अलिखित नियम होता. गटारी झाली की परब आणि घाडी झाकणाच्या कुलुपाची चावी द्रौपदीकडे द्यायचे. श्रावण सुरू झाला की त्यांच्या घरात मटणाचं नाव निघत नसे, ते थेट गणपती झाल्यावर. साळव्यांच्या घरी, जिथे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी होते, श्रावणाची अडचण नव्हती. मग चावी तिच्याकडे असणंच सोयीचं. दोन श्रावण हे सुरळीत चाललं. इमारतीतल्या काही जणांनी नाकं मुरडली होती, 'एकाच पेटीत सगळ्यांचं?' म्हणून. जानकीनेच त्यांना गप्प केलं होतं. "मटणाक खयची जात?" असं ती भर नळावर म्हणाली होती.

आता त्याच नाकांना सूर सापडला. दुपारपर्यंत इमारतीत एकच वाक्य फिरत होतं. मटण तिन्ही घरांचं, आजारी पडले घाडी, आणि साळव्यांच्या घरात कुणाला साधं पोटही दुखलं नाही!

संध्याकाळी राजाराम इस्पितळातून आला. म्हातारा सलायनवर होता, डॉक्टर काही सांगत नव्हते. तो थेट परबांच्या दारात उभा राहिला.

"परबसाहेब, तुम्ही होतात पोलिसात म्हणून थांबलोय. रविवारपर्यंत शोधा. नाहीतर मी चौकीवर जाऊन तिचं नाव देणार. विष घातलं म्हणून."

"विष? कशावरून?"

"शेवंतीला डबा उघडताना वास आला होता, फ्रीझरचा असेल म्हणून तिने मसाला वाढवून रांधलं. तिच्या, त्या द्रौपदीच्या, भावाची माहुलला खानावळ आहे ना? आमचं चांगलं मटण तिकडे, त्याचं शिळं आमच्या डब्यात. सरळ आहे!"

सरळ होतं खरं. श्यामकांतला नोकरीभर ज्या गोष्टी फार सरळ दिसल्या, त्यांनीच त्याला सर्वांत जास्त फसवलं होतं.

३

द्रौपदीच्या घरी तो गेला तेव्हा तिने खुर्ची पुसून दिली, पण चहा विचारला नाही. त्याला नवल वाटलं. मग तिनेच सांगितलं.

"चहा ठेवला असता, परबभाऊ. पण माझ्या हातचं आता कुणी घेईल का, हे मला ठाऊक नाही. उगाच तुम्हाला पेचात कशाला टाकू?"

श्यामकांत म्हणाला, "ठेव चहा." चहा आल्यावर त्याने तो सगळा संपवला आणि मग विचारलं, "तुमच्या घरी कुणाला त्रास कसा नाही झाला?"

"आमचं मटण संपलं होतं. अख्खा श्रावण आम्हीच खाणारे. शेवटचा डबा गणपतीच्या आधीच्या रविवारी संपला. आमच्या शकुला विचारा, पोरगी तेव्हापासून अंड्यावर आहे."

"मग त्यानंतर झाकण उघडलंच नाहीस?"

"राजारामभाऊ गावाहून आले, डबा मागितला, तेव्हा उघडलं. त्याआधी नाही." ती पुढे म्हणाली, "गणपतीत भाऊ माहुलवरून माझ्यासाठी कलेजी घेऊन आला होता. म्हणाला, फ्रीझरमध्ये टाक. मी त्याला परत पाठवलं. तुमच्याकडे गणपती बसलेला, भिंतीला भिंत. आपण मानत नसलो तरी समोरच्याचं असतं. झाकणाला हात लावला नाही मी."

श्यामकांतने मान हलवली. खरं सांगणारी माणसं अशी स्वतःच्याच अंगाशी येईल असंही सांगून टाकतात. भाऊ त्या दिवसांत येऊन गेला होता, हे तिने न सांगता चाललं असतं.

"राजारामने आणलेलंच मटण वाईट असेल?"

"असतं तर श्रावणात आम्हीच आडवे झालो असतो. एकाच बोकडाचे वाटे ते." द्रौपदीने पदराने कपाळ टिपलं. "परबभाऊ, मी वाटा कधी मारला का हो? एक हाड इकडचं तिकडे केलं का? राजारामभाऊ बोलले त्याचं मला एवढं नाही, त्यांचा बाप आहे तिथं. पण जानकीताई खालून एकदाही वर आल्या नाहीत. त्यांना तरी सांगा, मी काही केलं नाही."

तो जिना उतरताना हे वाक्य त्याच्याबरोबर उतरलं. जानकी आणि द्रौपदी पाच वर्षं एकमेकींच्या घरचं मीठ-साखर नेत आल्या होत्या. जानकी का गेली नाही?

४

फ्रीझर दुरुस्त करणारा चंद्रप्रकाश स्टेशनजवळच्या आपल्या दुकानात एका पंख्याच्या पोटात हात घालून बसला होता. मशीन बिघडून मटण नासलं असेल, ही शक्यता श्यामकांतला तपासायची होती.

"साब, मशीन एकदम झकास है," चंद्रप्रकाश म्हणाला. "गॅस भी पूरा. बंद पडणाराच नाही. पण तुमच्याकडे गणपतीच्या दर्शनाला आलो ना, तेव्हा जिन्याखाली बघितला. टेढा काय को खडा केला होता? मशीन लेव्हल में रखनेका."

"सरळच आहे ते."

"तब नहीं था, साब."

श्यामकांतला आठवलं. मखराचा चौरंग उंच करायला दोन विटा कमी पडत होत्या. पहारीने फ्रीझरची भिंतीकडची बाजू उचलून त्यानेच त्याखालच्या विटा काढल्या होत्या. विसर्जनानंतर मखर सुटायला दोन दिवस गेले, मग त्यानेच परत सरकवल्या. 'दीड दिवसाचा तर प्रश्न,' असं तेव्हा म्हणाला होता. हे काही महत्त्वाचं नव्हतं. तो घरी आला.

वीज गेली असेल म्हणावं, तर ती त्याच्याच मीटरवरून होती. गणपतीत मखराची माळ एकदाही विझली नव्हती.

आता उरला डबाच. चावी द्रौपदीकडून मागून घेऊन, दोन शेजाऱ्यांना साक्षीला घेऊन त्याने झाकण उघडलं. गार वाफ तोंडावर आली. आत परबांचा डबा होता, तसाच, न उघडलेला. त्यावर सुतळीची गाठ होती, मुद्देमालाला मारायची ती पोलिसी गाठ. नोकरी सुटली तरी त्याचा हात तीच गाठ मारायचा आणि ती सोडून पुन्हा तशीच बांधणं इमारतीत कुणाला जमणारं नव्हतं.

गाठ शाबूत होती. त्याने ती कापली, झाकण उचकटलं.

दगडासारख्या गोठलेल्या मटणातूनही वास आला. शेजाऱ्यांनी नाकाला रुमाल लावले.

माहुलची खानावळ, अदलाबदल, विष, सगळं त्या एका गाठीने निकालात काढलं. या डब्यात कुणी काही घातलं नव्हतं. डबा न उघडताच मटण नासलं होतं.

५

त्याने डबा घरात आणून ओट्यावर ठेवला आणि चष्मा लावून बघायला लागला. जानकी तिथे पीठ मळत होती, ती परातीसकट बाहेरच्या खोलीत गेली.

मटणाचं लाल पाणी सुटून पुन्हा गोठलेलं होतं. म्हणजे एकदा वितळलं, नासलं, मग परत थिजलं. इथवर ठीक. पण त्या लाल बर्फाची पातळी एका बाजूला डब्याच्या काठापर्यंत आली होती आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं खाली. ओटा सपाट, डबा सपाट, बर्फ मात्र उतरणीवर.

त्याने दुसऱ्या डब्यात साधं पाणी घातलं आणि दोन्ही डबे फ्रीझरमध्ये ठेवले. सकाळी पाण्याचा डबा काढला तर बर्फ आरशासारखा सपाट होता.

त्याने तो तिरक्या बर्फाच्या डब्याशेजारी धरून बघितला.

पाणी कधी तिरकं राहत नाही. फ्रीझर तिरका असतानाच ते पाणी गोठलं होतं. आणि फ्रीझर तिरका होता फक्त त्या दिवसांत, जेव्हा त्याच्या विटा चौरंगाखाली होत्या. त्याने स्वतः काढल्यापासून त्याने स्वतः ठेवीपर्यंत. घाडी तेव्हा कोकणात होते. द्रौपदीने झाकण उघडलं नव्हतं, आणि उघडलं असतं तरी नुसतं झाकण उघडून सगळं मटण वितळत नाही. त्यासाठी वीज बंद व्हावी लागते, चांगली दोन दिवस.

फ्रीझरची वायर भिंतीतल्या भोकातून परबांच्या स्वयंपाकघरात येत होती. बटण मोरीच्या वर, मसाल्याच्या फळीशेजारी.

आणि आणखी एक गोष्ट त्याला आठवली, जी आठवली नसती तर बरं झालं असतं. त्याची खाट भिंतीला लागून होती. पलीकडच्या घरघरीने त्याची झोप दोन वर्षं मोडत आली होती. गणपतीत मात्र त्याला मेल्यासारखी झोप लागली. त्याचं श्रेय त्याने बाप्पाला दिलं होतं आणि चार जणांना कौतुकाने सांगितलंही होतं.

साळव्यांच्या घरी कुणी आजारी पडलं नाही, हे सगळ्यांनी मोजलं. परबांच्या घरीही कुणी पडलं नव्हतं. ते कुणी मोजलं नाही. त्यानेही नाही. विसर्जनानंतर त्याने दोनदा मटण कर म्हटलं होतं आणि जानकी दोन्ही वेळा म्हणाली होती, "आता नको. माझो जीव नाय."

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. जानकी आजही परात मांडीवर घेऊन बसली होती. पीठ केव्हाच मळून झालं होतं.

"गणपतीत ते बटण कुणी बंद केलं होतं?" त्याने विचारलं.

"माझ्याक काय विचारतास?" ती म्हणाली. "मी पाव्हण्यांत होतंय."

तिने नाही म्हटलं नव्हतं. चोरांच्या जबान्यांत तो याच जागी थांबायचा आणि पुढचा प्रश्न टाकायचा. आज त्याला तो टाकवला नाही. उद्या रविवार होता.

६

रविवारी अंगणात सतरंज्या घातल्या. राजाराम इस्पितळातून आला होता. म्हाताऱ्याने सकाळी डोळे उघडून पेज मागितली होती, तरी राजारामच्या खिशात तक्रारीचा कागद लिहून तयार होता. द्रौपदी आणि तिचा नवरा अंबादास एका टोकाला बसले. त्यांच्या आजूबाजूची सतरंजी रिकामीच राहिली.

श्यामकांतने दोन डबे पुढे मांडले. जिन्याखालून आत्ताच काढलेले, एक सपाट बर्फाचा, एक तिरक्या. त्याने विटांची गोष्ट सांगितली, गाठीची सांगितली, वायरची सांगितली. बोलताना त्याचा आवाज साक्षीच्या पिंजऱ्यात असायचा तसा कोरडा होता. शेवटी तो म्हणाला, "मटण गणपतीच्या दिवसांत वितळलं. द्रौपदीचा त्यात काडीचा संबंध नाही. वीज माझ्या घरातून बंद झाली. पुढचं..."

पुढचं त्याच्या तोंडून निघेना. पोलिसात त्याने कितीतरी नावं घेतली होती. हे नाव घ्यायच्या आधी त्याने चष्मा काढून पुसला.

"मिया बंद केलंय," दारातून जानकी म्हणाली.

ती उंबऱ्यावर उभी होती. हातात अजून लाटणं.

"घरात गणपती बसलो आणि भिंतीपलीकडे ता मटान घरघरता. आरती चालू आसा आणि माझ्या कानात तोच आवाज. माझ्याच घरच्या विजेवर. आदली वर्सां कशीबशी काढलंय, यंदा माका सोसवला नाय. मखर बांधल्यार बटण बंद केलंय, विसर्जन झाल्यार चालू केलंय. माका वाटला, बर्फ तो बर्फ. परत गोठतलो."

"वहिनी, पण नंतर तरी..." राजाराम म्हणाला.

"नंतर फ्रीझरच्या फटीतून वास आयलो माका." जानकी आता रडत होती, पण थांबली नाही. "म्हणान आमचो डबो मिया मागूकच नाय. तुमका सांगूक व्हया होता. तुम्ही गावाहून येवन डबो नेलास तो मी खिडकीतून बघितलंय. तोंड उघडला नाय माझा. आणि मग हिचा नाव निघाला, तेव्हा तर उघडूकच नाय."

मग मागून एक आजीबाई म्हणाल्या, "देवापायी केलं बिचारीने." दुसरं कुणी म्हणालं, "चूक होते माणसाची. मुद्दाम थोडंच केलं?" राजारामने खिशातला कागद बाहेर काढला, त्याकडे बघितलं.

"दे तक्रार," श्यामकांत त्याला म्हणाला. "लिहिलेलीच आहे. फक्त नाव बदल."

राजारामने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. "जाऊ दे, परबसाहेब. बाबा वाचले. घरातलंच माणूस ते. चूक झाली, संपलं." मग तो द्रौपदीकडे वळला, मान खाली घालून. "वहिनी, रागात बोललो. मनावर घेऊ नका."

द्रौपदी उठली. तिने कमरेची चावी काढली आणि श्यामकांतच्या पुढ्यात, दोन डब्यांच्या मध्ये ठेवली.

"माझं नाव होतं तोवर ते विष होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "जानकीताईंचं निघालं, तेव्हा चूक झाली. एवढ्या दिवसांत इथल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही, की द्रौपदीची चूक झाली असेल. मी तुमच्या देवासाठी झाकणाला हात लावला नाही, ताई. लावला असता तर मटण वितळलेलं तेव्हाच दिसलं असतं."

ती आणि अंबादास जिना चढून गेले. सतरंजीवरची माणसं हळूहळू उठली, एकमेकांकडे न बघता. तिरका बर्फ उन्हात वितळून सतरंजीवर लाल ओघळ आला होता. तो पुसायला कुणी पुढे झालं नाही.

जानकीने लाटणं कट्ट्यावर ठेवलं आणि ती जिना चढू लागली. पाच वर्षांत ती या जिन्याने वाटी घेऊन गेली होती, पीठ घेऊन गेली होती, रिकाम्या हाताने कधी गेली नव्हती. श्यामकांतने खालून ऐकलं. तिसऱ्या मजल्यावर कडी वाजली. पुन्हा वाजली. दार उघडल्याचा आवाज आला नाही. मग कुणी पायरीवर बसल्याचा आला.

तो आत गेला. भिंतीपलीकडे फ्रीझर घरघरत होता. त्याने मसाल्याच्या फळीशेजारच्या बटणावर बोट ठेवलं. मग तसाच परत फिरला, अंगणात आला आणि उरलेल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी फ्रीझर बंद करतोय. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

आणि मग त्याने तो बंद केला.